खरे नाव आणि हाकेचे नाव : एका कल्पित द्वीपसृष्टीच्या संदर्भात वर्धा परिसरातील नामव्यवहार

१. विषयप्रवेश

साहित्यकृतीतील पात्रांची नावे हा मराठी समीक्षेत काहीसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी स्थलनामे व व्यक्तिनामे यांना इतिहासाच्या साधनाचा दर्जा मिळवून दिला. तथापि नामकरण ही एक सामाजिक क्रिया आहे, तिच्यात नाव देणारा, नाव धारण करणारा आणि त्या नावाने हाक मारणारा असे तीन पक्ष गुंतलेले असतात, या अंगाने झालेला विचार मात्र तुरळक आहे. प्रस्तुत लेखात या तिपेडी संबंधाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी एका बाजूला अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ या कल्पित द्वीपसृष्टीतील नामविधी आणि दुसऱ्या बाजूला वर्धा जिल्हा व त्याचा विदर्भीय परिसर यांतील प्रत्यक्ष नामव्यवहार ही दोन क्षेत्रे निवडली आहेत.

ही निवड वरकरणी विषम वाटण्याचा संभव आहे. परंतु ले ग्विन या मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या होत. क्रोबर यांच्या परिचयातील ‘इशी’ हा कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस. स्वतःचे नाव स्वतः उच्चारावयाचे नाही, या आपल्या समाजाच्या नियमास अनुसरून त्याने ते अखेरपर्यंत कोणाला सांगितले नाही. ‘इशी’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘माणूस’ असा आहे. ले ग्विन यांच्या मातोश्री थिओडोरा क्रोबर यांनी त्याचे चरित्र १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या घरात हा विषय परिचयाचा होता, त्या घरातील लेखिकेने १९६८ मध्ये नावाच्या सामर्थ्यावर उभी असलेली द्वीपसृष्टी निर्माण करावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. कल्पित सृष्टीतील नामविधी हा अशा वेळी वास्तवातील नामविधीचा शुद्ध केलेला नमुना ठरतो. वास्तवातील गुंतागुंत ओळखण्यासाठी त्याचा मापदंड म्हणून उपयोग करता येतो.

२. द्वीपसृष्टीतील नामविधी

अर्थसीच्या द्वीपसमूहातील बहुतेक लोकांना आयुष्यात किमान दोन नावे मिळतात. बालपणीचे नाव वयात येण्याच्या सुमारास काढून घेतले जाते. मूल वाहत्या पाण्यातून पलीकडे जाते आणि नाव देण्याचा अधिकार असलेली जाणती व्यक्ती त्याला त्याचे ‘खरे नाव’ सांगते. हे नाव प्राचीन भाषेतील असते. ते कोणी रचीत नाही, ओळखले जाते. कथानायकाचे बालपणीचे नाव डनी, खरे नाव गेड आणि लोकव्यवहारातील नाव एका शिकारी पक्ष्यावरून पडलेले. खरे नाव जाणणाऱ्याची त्या व्यक्तीवर सत्ता चालते, म्हणून ते अत्यंत विश्वासातील माणसांनाच सांगितले जाते.

या समूहाच्या पूर्वेकडील कारगी लोकांत मात्र ही रीत नाही. १९७१ च्या दुसऱ्या कादंबरीतील नायिका तेनार ही त्यांच्यापैकी आहे. थडग्यांच्या देवस्थानाची पुजारीण म्हणून तिला लहानपणीच आईबापांपासून तोडले जाते, तिचे नाव हिरावून घेतले जाते आणि तिला ‘आर्हा’ म्हणजे ‘गिळली गेलेली’ असे म्हटले जाऊ लागते. पुढे गेड तिला तिचे मूळ नाव परत देतो. १९९० च्या ‘तेहानू’ या कादंबरीत ती गाँट बेटावर शेतकऱ्याची विधवा म्हणून राहते तेव्हा गावात तिचे नाव ‘गोहा’ असते.

या व्यवस्थेतून तीन प्रश्न निष्पन्न होतात. एक, खरे नाव कोणते? दोन, नाव देण्याचा अधिकार कोणाचा? तीन, नाव हिरावले गेल्यास त्याची परतफेड होते काय? हेच प्रश्न आता वर्धा परिसरास लावून पाहावयाचे आहेत.

३. गुप्त नाव, पाळण्यातील नाव आणि हाकेचे नाव

गुप्त नावाची कल्पना भारतीय परंपरेस अपरिचित नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात अभिवादनासाठी योजावयाचे एक नाव सांगितले असून ते उपनयनापर्यंत केवळ मातापित्यांनाच ठाऊक असावे असे म्हटले आहे. मराठी घरांतील ‘जन्मनाव’ किंवा राशीनाव हा त्याच कल्पनेचा लौकिक अवशेष मानता येईल. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण अशा १०८ चरणांना आद्याक्षरे ठरवून दिलेली आहेत. अश्विनी नक्षत्राची चू, चे, चो, ला ही अक्षरे सर्वपरिचित आहेत. या अक्षरावरून येणारे नाव पत्रिकेत राहते, धार्मिक विधीत उच्चारले जाते आणि एरवी बहुधा विस्मरणात जाते.

बारशाच्या विधीत आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. अर्थसीतील जाणत्या पुरुषाची जागा येथे पितृकुळातील स्त्रीने घेतलेली आहे. जी मुलगी विवाहानंतर परकुळात गेली, तिच्याकडेच पितृकुळाने नव्या जिवाला नाव देण्याचा मान राखून ठेवला आहे, हा या विधीतील सूक्ष्म विरोधाभास होय. त्यानंतर बाळू, बबन, बंडू, बेबी अशी हाकेची नावे येतात आणि पुष्कळदा तीच जन्मभर टिकतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, गावात दुसरे आणि पत्रिकेत तिसरे, अशी त्रिविध स्थिती खेडोपाडी आढळते. अर्थसीत या नावांची उतरंड निश्चित आहे. मराठी व्यवहारात ती निश्चित नाही. कोणते नाव ‘खरे’ हे प्रसंगानुसार ठरते.

गोंड समाजात कुळनामाचे कार्य याहून वेगळे आहे. मडावी, आत्राम, उईके, कुमरे, टेकाम ही नावे केवळ आडनावे नव्हेत. प्रत्येक कूळ विशिष्ट संख्येच्या देवांच्या गटात मोडते आणि समान देवसंख्येच्या कुळांत विवाह निषिद्ध मानला जातो. त्यामुळे अपरिचित माणसाचे कुळनाम ऐकताच तो भाऊ की सोयरा याचा उलगडा होतो. येथे कुळनाम लपवावयाचे नसते. ते प्रथम सांगावयाचे असते. नावाची सत्ता गुप्ततेत असते हा अर्थसीतील सिद्धान्त सार्वत्रिक नाही, याचे हे जवळचे उदाहरण होय.

४. दगड, धोंडा आणि प्रत्यय

अपत्ये जगत नसली म्हणजे नंतरच्या मुलाला दगडू, धोंडू, कचरू, भिकू अशी नावे देण्याची रीत महाराष्ट्रभर होती. दृष्ट लागू नये, मृत्यूने या क्षुद्र वस्तूकडे दुर्लक्ष करावे, ही त्यामागील भूमिका. म्हणजे ही नावे तिरस्काराची नसून भीतीपोटी आलेल्या मायेची आहेत. दुसरीकडे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असा दंडक आहे. या दोन परंपरा एकाच नामशब्दात येऊन मिळाल्या, त्यामुळे अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव असतो. दगडू किंवा कचरू हे नाव दिसताच ते जातीय अवहेलनेचे चिन्ह मानणे जितके चूक, तितकेच त्यात केवळ मातेचे नवस पाहणे हेही चूक.

हा पेच सोडविण्यासाठी नामशब्दापेक्षा प्रत्ययाकडे लक्ष द्यावे लागते. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. पुण्यातील प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते दगडूशेठ हलवाई. धोंडा आणि दगड हे शब्द सर्व जातींत होते. भेद पडतो तो पुढे. एकाचा ‘धोंडोपंत’ होतो, दुसऱ्याचा ‘दगडूशेठ’ आणि तिसऱ्याचा ‘दगड्या’. विदर्भात ‘जी’ आणि ‘राव’ हे आदरप्रत्यय विशेष रूढ आहेत. गावातील कोणत्या घरातील पुरुषाला ‘राव’ लागतो, कोणाला ‘जी’ लागतो आणि कोण वृद्धापकाळीही ‘या’ कारान्त नावानेच हाकारला जात असे, याची यादी ही त्या गावाच्या श्रेणीव्यवस्थेचीच यादी होय. ‘या’ हा प्रत्यय समवयस्क मित्रांत जिव्हाळ्याचा असतो. तोच एकतर्फी झाला, म्हणजे एकाने ‘गंग्या’ म्हणावयाचे आणि दुसऱ्याने ‘मालक’ म्हणावयाचे अशी स्थिती असली, की तो अवमानाचा ठरतो. अवमान शब्दात नसतो, परतफेडीच्या अभावात असतो.

या पार्श्वभूमीवर विदर्भातील दोन संतांची नावे विचारात घेण्यासारखी आहेत. देबूजी झिंगराजी जानोरकर (१८७६–१९५६) हे हातातील मातीच्या गाडग्यामुळे गाडगेबाबा झाले. माणिक बंडोजी हे गुरू आडकोजी महाराजांनी दिलेल्या नावाने तुकड्या झाले. ते स्वतःच्या पदांत ‘तुकड्यादास’ म्हणवीत राहिले. लोकांनी मात्र त्यांना तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) केले. स्वतःसाठी हलके रूप आणि समाजाकडून आदराचे रूप, अशी ही देवघेव आहे. हीन नाव स्वेच्छेने धारण करणे आणि ते लादले जाणे यांतील अंतर या उदाहरणावरून स्पष्ट होते. ‘या’ कारान्त रूप दोन्हीकडे तेच आहे. निवड करण्याचा अधिकार मात्र एकाकडेच होता.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाची रचनाच या अंतरावर आधारलेली आहे. सुशिक्षित दया पवार आणि दगडू मारुती पवार हे एकाच व्यक्तीची दोन नावे धारण करून समोरासमोर येतात. गेडच्या बाबतीत दोन नावे हे संरक्षण आहे. येथे ती दुभंगाची खूण आहे. दगडूने भोगलेले दया पवार नाकारू शकत नाहीत आणि दगडूच्या नावाने ते सहजपणे वावरूही शकत नाहीत. ‘खरे नाव’ या कल्पनेची ही अत्यंत कठोर परीक्षा होय.

५. हिरावलेले नाव

तेनारची कथा मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांचेही माहेरचे नाव यमुनाच. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झालेल्या गोदूबाई या आनंदीबाई झाल्या. तांदळांत बोटाने नवे नाव लिहिण्याच्या विधीने जुने नाव पुसले जाते. तो अन्याय आहे असे त्या काळी कोणास वाटत नसे, कारण त्या समाजात विवाह हाच स्त्रीचा दुसरा जन्म समजला जाई. तेनारला तिचे नाव परत देणारा कोणी भेटला. या स्त्रियांनी मात्र दिलेल्या नावानेच लौकिक मिळविला आणि तेच नाव आपले करून टाकले. ‘आनंदीबाई’ हे नाव उच्चारताना आज ‘यमुना’ आठवत नाही, ही एकाच वेळी त्यांच्या कर्तृत्वाची आणि रूढीच्या बळाची साक्ष आहे.

पतीचे नाव न उच्चारण्याचा निर्बंधही याच संदर्भात तपासावा लागतो. अर्थसीत खरे नाव परस्परांना सांगणे ही विश्वासाची देवघेव असते. येथे पती पत्नीला नावाने हाक मारतो, पत्नीने मात्र ‘अहो’ म्हणावयाचे असते. या निर्बंधाला लोकवाङ्मयाने उखाण्याची पळवाट काढून दिली. ‘नाव घेणे’ या प्रयोगाचा अर्थच उखाणा म्हणणे असा झाला. जे गद्यात निषिद्ध आहे ते यमकाच्या आश्रयाने क्षम्य ठरते. उखाण्याचा अभ्यास केवळ यमकचातुर्य म्हणून न करता निर्बंधाशी झालेली तडजोड म्हणून केल्यास त्याचे वाङ्मयीन स्वरूप अधिक उलगडेल.

मुलींच्या बाबतीत नावाचा प्रश्न जन्मापासूनच उभा राहतो. सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे असलेल्या २८५ मुलींना २०११ मध्ये समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. धोंडू हे नाव मृत्यूला फसविण्यासाठी होते. नकोशी हे नाव कोणालाच फसवीत नाही, ते मुलीला रोज स्वतःविषयीचा निवाडा ऐकवते. दोन्ही नावे वरवर एकाच जातीची वाटली तरी त्यांतील हेतू परस्परविरुद्ध आहेत, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

६. व्रतनाम आणि स्वयंनाम

वर्धा जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की विसाव्या शतकात येथे नामांतर हा जाणीवपूर्वक केलेला विचार ठरला. खुद्द वर्धा हे शहर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून वसले. त्याला नदीचे नाव मिळाले आणि पालकवाडी हे नाव मागे पडले. नदीचे प्राचीन नाव ‘वरदा’. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाच्या विभागणीत हीच नदी सीमा ठरते. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होत असे. १९४० मध्ये गावाचे नाव ‘सेवाग्राम’ झाले. कारण व्यावहारिक होते, परंतु निवडलेले नाव हे व्रत होते. वायगाव (निपाणी), कारंजा (घाडगे), तळेगाव (श्यामजीपंत), सिंदी (रेल्वे) या जिल्ह्यातील नावांत सारख्या नावांची गावे वेगळी ओळखण्यासाठी लोकांनी शेजारी एखादी खूण जोडलेली दिसते. सेवाग्रामच्या बाबतीत खुणेऐवजी संकल्प जोडला गेला.

व्यक्तिनामांतही हेच घडले. विनायक नरहरी भावे हे आश्रमात विनोबा झाले आणि त्यांचे बंधू बालकृष्ण हे बाळकोबा झाले. विठोबा, तुकोबा यांच्याशी नाते सांगणारा ‘बा’ हा प्रत्यय जोडला जाताच विद्वान ब्राह्मण घरातील तरुणाचे नाव संतपरंपरेच्या ओळीत जाऊन बसले. १९२१ मध्ये ते वर्ध्यास आले ते या नावानेच. मॅडेलीन स्लेड या १९२५ मध्ये गांधीजींकडे आल्या आणि मीराबेन झाल्या. ही नामांतरे संन्यासदीक्षेतील नामांतराच्या जवळची आहेत. गुरू नाव देतो, शिष्य ते स्वीकारतो. अर्थसीतील नामविधीशी या परंपरेचे साम्य सर्वांत अधिक आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना दिली. यानंतर विदर्भातील घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, विशाखा, प्रज्ञा ही नावे येऊ लागली. हे नामकरण आश्रमीय नामकरणाहून मूलतः वेगळे आहे. येथे एका गुरूने एका शिष्याला नाव दिलेले नाही. आईबापांनी आपल्या मुलांना एका परंपरेतून निवडून नाव दिले, आणि ज्या दंडकाने जुगुप्सित नाव ठरविले होते तो दंडक त्या निवडीनेच रद्द केला. गावाने हाक मारताना जुना प्रत्यय लावण्याचा प्रयत्न केला तरी कागदावर, शाळेत आणि सभेत नवे नाव उभे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो याच प्रक्रियेचा उशिरा आलेला शासकीय टप्पा होय. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न १९७८ पासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत का धुमसत राहिला, हेही यावरून समजते. नाव ही केवळ पाटी असती तर तिच्यासाठी घरे जळाली नसती.

मधल्या नावाचा प्रश्न आत्मकथनांनी पुढे आणला. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात बापाचे नाव काय, हा प्रश्न निवेदकाच्या अस्तित्वालाच भिडतो. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) प्रसिद्ध करताना आईचे नाव मध्यभागी ठेवले. ते नाव म्हणजे पुस्तकाचा पहिला प्रतिपादक शब्दच होता. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम अनिवार्य करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. जे एका लेखकाने व्यथेतून केले होते ते तीस वर्षांनी नोंदवहीतील रकाना झाले.

७. उपसंहार

अर्थसीत खरे नाव हे वस्तूचे सत्त्व असते. ते शोधले जाते, बदलत नाही आणि म्हणून हिरावले गेले तरी परत देता येते. वर्धा परिसरातील नामव्यवहार पाहता नाव हे सत्त्व नसून संबंध आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो. दगडू, दगड्या आणि दगडूशेठ यांत वस्तू एकच आहे, संबंध तीन आहेत. यमुनेची आनंदीबाई होताना, शेगावचे सेवाग्राम होताना आणि दीक्षेनंतरच्या घरात सिद्धार्थ जन्मताना नामांतराची क्रिया वरवर सारखीच दिसते. पहिल्या ठिकाणी नाव दुसऱ्याने बदलले, दुसऱ्या ठिकाणी संकल्पाने बदलले, तिसऱ्या ठिकाणी नाव देण्याचा अधिकारच परत घेतला गेला. नामांतरांचे वर्गीकरण नव्या-जुन्या शब्दांवरून न करता अधिकाराच्या या दिशेवरून करणे अधिक युक्त ठरेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. एखाद्या गावातील तीन पिढ्यांची नावे नोंदविताना दाखल्यावरील नाव, हाकेचे नाव आणि हाक मारणारा कोण, असे तीन रकाने आखावेत. तिसऱ्या रकान्यावाचून पहिले दोन मुके राहतात. जुनी हाकेची नावे सांगताना काही वृद्धांना संकोच वाटेल, तेथे आग्रह धरू नये. इशीने आपले नाव सांगितले नाही आणि अभ्यासकांनी त्याचा तो अधिकार मानला. जे नाव माणसाने मागे टाकले आहे ते नोंदवहीत पुन्हा चिकटविणे हे संशोधनाचे काम नव्हे. त्याने ते का टाकले आणि त्याच्या जागी कोणते निवडले, हे त्याच्याच शब्दांत टिपून घेणे एवढेच पुरेसे आहे.